केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि प्लूटो

अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या लॉवेल वेधशाळेने १३ मार्च १९३० रोजी नेपच्यूनच्या पलीकडे एक नवा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. क्लाइड टॉम्बॉ या तरुण सहायकाने आकाशाची छायाचित्रे ताडून पाहताना तो टिपला होता. त्याला प्लूटो हे नाव मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांचे निधन झाले. नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा, असे त्यांनी १९ वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

केतकर यांचा जन्म १८५४ चा. घराणे मूळचे पैठणचे, वडील बापूशास्त्री नरगुंदला येऊन स्थायिक झाले. तेही ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते. केतकरांनी मात्र चरितार्थासाठी शिक्षकी पेशा पत्करला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात ते १८७४ पासून नोकरीला होते आणि पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेत मुख्याध्यापक झाले. वेधशाळा नाही, मोठी दुर्बीण नाही. साधन काय ते गणिताचे.

त्या गणिताचा पहिला रोख पंचांगावर होता. गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या सोळाव्या शतकातील ग्रंथावरून पंचांगे बनत आणि त्यांतील ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत नसत. मुर्ध्यापासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा अंदाजही तिथीवरून बांधण्याची जुनी रीत आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ भटजींपुरता नव्हता. केतकरांनी पाश्चात्त्य वेधांवर आधारलेली अचूक कोष्टके ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ या संस्कृत ग्रंथांत आणली. राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता, या वादात लोकमान्य टिळक रैवत पक्षाचे, तर केतकर चित्रा पक्षाचे. दोहोंत सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्षाशी जुळणारी गणना स्वीकारली. ते पाहायला केतकर नव्हते.

मे १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचे भाकीत प्रसिद्ध झाले. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांच्या प्रदक्षिणाकाळांत १:२:४ असे प्रमाण आहे आणि त्यांच्या गतींची सांगड लाप्लास यांनी उलगडून दाखवली होती. तशीच सांगड युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडील अज्ञात ग्रहांत असली पाहिजे, असे केतकरांनी धरले. त्यातून दोन ग्रह निघाले. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू ही नावे दिली. पैकी ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर असावा आणि त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची असावी, असे गणित आले. प्लूटोचे सरासरी अंतर ३९.५ पट, प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे!

म्हणून प्लूटोचा शोध केतकरांनी लावला, असे अभिमानाने सांगितले जाते. ते तितकेसे खरे नव्हे. केप्लरच्या नियमानुसार अंतर ठरले की काळ आपोआप ठरतो. त्यामुळे जुळलेल्या गोष्टी दोन नसून एकच आहे. युरेनस आणि नेपच्यून लाप्लास यांनी दाखवलेल्या सांगडीत बांधलेले नाहीत, हेही आता माहीत आहे. आकाशात तो ग्रह नेमका कोठे शोधावा, हे केतकरांनी सांगितले नव्हते. तरीही पंचांगासाठी गणित करता करता एक शाळामास्तर सूर्यमालेच्या वेशीपलीकडे विचार करू लागला आणि त्याचा आकडा एवढा जवळ आला, याचे मोल कमी होत नाही.

कक्षेचे गणित ग्रह कोठे आहे ते सांगते. तो काय आहे, हे मुख्यतः त्याच्या वस्तुमानावरून कळते. प्लूटोला मुळात बराच मोठा मानले गेले होते. १९७८ मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला, त्याच्या भ्रमणावरून प्लूटोचे वजन निघाले आणि ते पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्शाइतकेच भरले. गुरू-शनी हे वायुरूप महाग्रह, युरेनस-नेपच्यून हे हिमरूप. प्लूटो यांच्या पंगतीत बसेना. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली. सूर्याभोवती फिरणे आणि स्वतःच्या गुरुत्वाने गोलाकार होणे या दोन अटी प्लूटोने पुऱ्या केल्या. आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करण्याच्या तिसऱ्या अटीवर तो अडला आणि बटुग्रह ठरला. वरच्या टोकालाही अशीच सीमा आहे. गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमान झाले की गोळ्याच्या गाभ्यात ड्युटेरियम पेटते, आणि तेथून ७५ ते ८० पटींपर्यंतच्या गोळ्यांना तपकिरी खुजे तारे म्हणतात.

केतकरांचा ब्रह्मा जर प्लूटोच असेल, तर तोही आता ग्रह राहिलेला नाही. विष्णू अद्याप कोणालाच आढळलेला नाही.