अभ्यासक्रम कुणासाठी? महात्मा जोतीराव फुले यांचा लढा

शाळेचा अभ्यासक्रम म्हणजे काय, असे विचारले की बहुतेक जण पुस्तकांची नावे सांगतात. पण पुस्तक सगळ्यात शेवटी येते. मुलांना काय यावे, कोणत्या वयात यावे, ते कोणी शिकवावे, कशासाठी शिकवावे आणि किती आले ते कसे तपासावे, हे आधी ठरते. अभ्यासक्रम म्हणजे हे ठरवणे. ते माणसेच ठरवतात, म्हणून ते बदलताही येते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी ही गोष्ट क्रांतिसूर्य जोतीराव फुले यांच्या आयुष्यातून समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय करत. त्या काळी गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत मोडी अक्षरे, पाढे, पावकी-निमकी आणि हिशेब शिकवत. हे शिक्षण कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि दुकानदाराच्या वहीला लागेल तेवढेच होते. माळ्याच्या मुलाने ते शिकून करायचे काय, अशी कुजबुज झाली आणि गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून शेतावर नेले. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी त्यांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. कोणते शिक्षण कुणासाठी, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला असा लहानपणीच आला.

१८४८ मध्ये सावित्रीमाईंसोबत त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे १८५२ च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. दिवसा राबणाऱ्यांसाठी १८५५ मध्ये रात्रीची शाळा चालवली. मुलींच्या शाळेत वाचन, गणित, व्याकरण, भूगोल, इतिहास हे विषय होते. ज्यांना अक्षर ओळखणेही निषिद्ध मानले जात होते, त्यांच्यासमोर देशाचा नकाशा ठेवणे, हाच मोठा बदल होता.

आता आपल्या भागाकडे येऊ. १८७० च्या दशकात शिरूर आणि भीमथडी तालुक्यांतला शेतकरी सावकारी कर्जात बुडाला होता. आजचा दौंड परिसर तेव्हा भीमथडीत होता. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने तिथल्या देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांच्या घरावर टाच आणली. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे इथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना कर्जाची खते हवी होती. खते हाती आली की ती जाळून टाकली जात. सावकाराने लिहिलेल्या त्या मोडी कागदावर शेतकऱ्याने अंगठा किंवा नांगराची निशाणी केलेली असे. आत किती रुपये आणि किती व्याज लिहिले आहे, हे बहुतेकांना वाचता येत नव्हते.

सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जाईल, अशी तरतूद होती. म्हणजे शेतकऱ्याचा कागद वाचायला सरकारने एक माणूस नेमला. जोतीरावांचे उत्तर वेगळे होते. शेतकऱ्याच्या मुलालाच तो कागद वाचता आला पाहिजे.

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. जोतीराव तोवर सत्यशोधक समाजाचे संस्थापक, खडकवासल्याच्या धरणावर काम केलेले ठेकेदार, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्याच धरणाचा मुठा उजवा कालवा आजही दौंडच्या शेतांना पाणी देतो. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी आयोगापुढे लेखी निवेदन दिले. आमच्या मते हे निवेदन प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे, कारण त्यात नुसती तक्रार नाही. त्यात पर्यायी अभ्यासक्रम आहे.

प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी मांडले. शेतीच्या धड्याला जोडून लहानशी नमुना शेती असावी. खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण त्यांची उपयुक्तता कमी नसावी. चालू पुस्तके व्यवहाराला उपयोगी नाहीत आणि पुढे नेणारी नाहीत, म्हणून ती नव्याने तयार करावीत.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. अभ्यासक्रम कागदावरून वर्गात नेतो तो शिक्षक. म्हणून शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले, प्रशिक्षण घेतलेले आणि नांगराला हात लावायला न लाजणारे असावेत, त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, असे त्यांनी सुचवले. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, शेतकऱ्यांकडून जमवलेल्या पैशाचा मोठा वाटा प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, ही मागणीही केली. जातीच्या आकसामुळे महार-मांगांच्या मुलांना इतरांसोबत बसू दिले जात नाही, म्हणून त्यांची वस्ती जिथे मोठी आहे तिथे वेगळ्या शाळा हव्यात, हेही नोंदवले.

आयोगाचा अहवाल १८८३ मध्ये आला. देशी हिशेब, मोजणी, शेती आणि आरोग्याला उपयोगी विज्ञान शिकवावे, अशा शिफारशी त्यात होत्या. सक्तीचे शिक्षण मात्र मिळाले नाही. जोतीराव लिहीत राहिले. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक लिहून काढले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले.

त्यांची मागणी मात्र पुढे चालत राहिली. १९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना गुरू मानले आणि शूद्र पूर्वी कोण होते हा १९४६ चा ग्रंथ त्यांना अर्पण केला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. १८८२ पासून मोजले तर १२८ वर्षे होतात. अभ्यासक्रम आणि शिक्षणाचा हक्क असे बदलतात : कुणीतरी नेमकी मागणी लिहून ठेवतो आणि पुढच्या पिढ्या ती सोडत नाहीत.

आज महाराष्ट्रात आराखडा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तयार करते आणि बालभारती पुस्तके काढते. मे २०२४ मध्ये परिषदेने राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्यात मनुस्मृतीचा श्लोक दिसताच विरोध झाला आणि पाठ्यपुस्तकात मनुस्मृती येणार नाही, असे सरकारला सांगावे लागले. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचे शासन निर्णय जनतेच्या विरोधामुळे २९ जून रोजी मागे घेतले गेले. म्हणजे दार बंद नाही. पण मसुदा खुला असतो तेव्हा आपल्यातले किती जण तो वाचतात?

शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाजवळ १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आले होते. आपण दरवर्षी तिथल्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. त्याच तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आपली मुले कोणता इतिहास वाचतात, हे पाहणेही आपलेच काम आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्या खुर्च्या रिकाम्या सोडू नका. मुलांची पुस्तके स्वतः वाचा. काय नको ते सांगाच, पण जोतीरावांसारखे काय हवे तेही मुद्देसूद लिहा आणि मुदतीच्या आत पाठवा. विहारात दर महिन्याला एक बैठक यासाठी ठेवली, तरी सुरुवात होईल.

जय जोती! जय भीम!