गाडगेबाबा कधी निवृत्त झाले नाहीत

संत गाडगेबाबा म्हटले की खराटा आठवतो, अंगावरची चिंध्यांची गोधडी आठवते. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि राज्याचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने चालते. पण हा माणूस ऐंशी वर्षे जगला आणि अखेरच्या काही आठवड्यांपर्यंत कामावर होता, ही बाजू फारशी कोणी पाहत नाही. म्हातारपणी माणसाने कोणते काम करावे, किती करावे आणि कोणते सोडावे, याचे मोठे शिक्षण त्यांच्या आयुष्यात आहे.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या पायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखत, नांगर धरत, पेरणीपासून मळणीपर्यंत सारी कामे करत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, मात्र कष्टाची सवय लहानपणीच अंगात मुरली. लग्न झाले, संसार झाला आणि १९०५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले.

गावात शिरले की ते आधी रस्ते झाडत, गटार मोकळे करत, कुणाची लाकडे फोडून देत. भाकरी घ्यायची ती कामानंतरच, फुकटचे अन्न नको, हा त्यांचा नेम होता. डोक्यावर किंवा हातात असलेल्या मातीच्या गाडग्यातच ते जेवत, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलात घसरून पडत. तिथे घाट बांधण्याच्या कामात ते स्वतः राबले.

शरीरशास्त्राच्या हिशेबाने हे त्यांच्या ताकदीचे दिवस होते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे प्रमाण साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. स्नायूंच्या आकारापेक्षाही त्यांची ताकद लवकर उतरते. हालचाल चालू ठेवणाऱ्या माणसात ही घसरण मंद राहते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या लोकांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तोल सांभाळणारे व्यायाम सुचवते. भरभर चालणे, अंगण झाडणे ही तशीच हालचाल आहे. बाबांच्या दिनक्रमात ती आयुष्यभर होती.

वय वाढले तसे त्यांचे काम मात्र बदलत गेले. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, तेव्हा प्रत्येक वीट त्यांनी स्वतः वाहिली असे नाही. जागा हेरणे, देणगी मिळवणे, माणसे जोडणे, हिशेब चोख ठेवायला लावणे, हे काम त्यांच्याकडे आले. रात्रीच्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, मुलांना शाळेत घाला, अस्पृश्यता पाळू नका, हे त्यांचे सांगणे असे. पायी हिंडणारा माणूस उतारवयात मोटारीने फिरू लागला. १९५२ साली त्यांच्या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन उभे राहिले. म्हणजे पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी बराच भार विश्वस्तांवर सोपवला. नातेवाइकांना त्यात काही ठेवले नाही. स्वतःकडे ठेवली ती माणसांची ओळख आणि कीर्तन.

यालाही शास्त्रीय आधार आहे. वयानुसार नवी माहिती पटकन हाताळण्याचा वेग कमी होतो, पण शब्दसंपदा, अनुभवातून आलेले ज्ञान आणि माणसे पारखण्याची नजर बराच काळ टिकते. वयस्क कामगारांचे अपघात तरुणांपेक्षा कमी होतात. मात्र झाला तर इजा गंभीर असते आणि भरून यायला वेळ लागतो. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला घरी बसवणे जितके चुकीचे, तितकेच त्याच्याकडून तरुणपणाचेच काम करून घेणेही चुकीचे.

जर्मनीत २००७ साली बीएमडब्ल्यूच्या डिंगोल्फिंग कारखान्यात हे करून पाहिले गेले. एका उत्पादन विभागात मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे कामगार नेमले आणि अडचण काय होते ते त्यांनाच विचारले. लाकडी फरशी, पायाला सोसतील असे बूट, टेकायला खुर्ची, बारीक काम दिसावे म्हणून भिंग, कामांची अदलाबदल असे सुमारे सत्तर छोटे बदल झाले. वर्षभरात त्या विभागाची उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली.

वऱ्हाडातही हा प्रश्न दारात उभा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते. सरकारी नोकर ठरलेल्या वयाला निवृत्त होतो, पण कपाशी वेचणाऱ्या किंवा जिनिंगमध्ये राबणाऱ्या बाईला निवृत्तीच नसते. तीही सत्तरीपर्यंत कामावर असते, मग बाबांत आणि तिच्यात फरक काय? बाबांनी काम स्वतः निवडले होते, ते शक्तीप्रमाणे बदलले होते, हाताशी माणसे होती आणि शब्दाला मान होता. तिच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. गरजेपोटी ओढलेल्या कष्टाला बाबांचे उदाहरण देऊन गोड नाव देणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल.

तिच्यासाठी करण्यासारखे मात्र बरेच आहे. उतारवयात तहान लवकर कळत नाही, घामही कमी येतो. अकोला-अमरावतीच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात म्हणूनच म्हाताऱ्या मजुराला आधी झटका बसतो. काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवणे, तहान नसली तरी ठरावीक वेळाने पाणी देणे, सावली, ओझे लहान करणे, वाकून करायच्या कामाऐवजी बसून करायचे काम देणे, अर्ध्या दिवसाची मजुरी ठरवणे, याला फार पैसा लागत नाही. जिनिंग, दुकान, शाळा, संस्था अशा ठिकाणी जुन्या माणसाला नव्याच्या जोडीला ठेवले, तर हातांना आराम मिळतो आणि अनुभव वाया जात नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. त्या वेळी प्रकृती खालावलेली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीपाशी, गाडीतच त्यांनी देह ठेवला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळा आणि शाळा त्यांच्यामागेही चालू राहिल्या, कारण हातपाय थकण्याआधीच त्यांनी ते काम दुसऱ्यांच्या हाती दिले होते.