सेल दम टाकायचा, म्हणून नाव पडलं फ्लॅशलाइट : घरोघरी बॅटरी पोहोचवणाऱ्या कॉनरॅड ह्युबर्टची गोष्ट

गावाकडं टॉर्चला आजही बॅटरी म्हणतात. लाइट गेली की घरात पहिली हाक बॅटरीसाठीच. अमेरिकेत मात्र याच वस्तूला फ्लॅशलाइट म्हणतात. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकणं. आता तासन् तास चालणाऱ्या वस्तूला असं नाव का पडलं असेल? याचं उत्तर कॉनरॅड ह्युबर्ट या माणसाच्या धंद्यात सापडतं.

ह्युबर्टचं मूळ नाव अकिबा होरोविट्झ. जन्म मिन्स्कमधल्या ज्यू कुटुंबातला. हे शहर आज बेलारूसची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. १८९० च्या सुमारास तो अमेरिकेत आला, नाव बदललं आणि न्यूयॉर्कमध्ये पोटापाण्याला लागला. सिगारचं दुकान, खानावळ, दूधविक्री असे बरेच उद्योग त्याने करून पाहिले. शेवटी त्याने विजेवर चालणाऱ्या गमतीच्या वस्तू विकायला घेतल्या. टायला लावायची चमकणारी पिन हा त्यातलाच एक प्रकार. १८९८ मध्ये त्याने अमेरिकन इलेक्ट्रिकल नॉव्हेल्टी अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली.

त्याच्यासाठी काम करणारा डेव्हिड मिसेल हा इंग्रज संशोधक होता. मिसेलने कागदी नळीत तीन सेल एकामागे एक बसवले आणि पुढं छोटा बल्ब व पितळी परावर्तक लावला. १० जानेवारी १८९९ रोजी त्याचं पेटंट मिळालं. पेटंटवर संशोधक म्हणून नाव मिसेलचं होतं, पण हक्क होते ह्युबर्टच्या कंपनीकडे. म्हणजे टॉर्च ह्युबर्टने शोधला, असं जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. शोध मिसेलचा, धंदा ह्युबर्टचा.

हे शक्य झालं ते कोरड्या सेलमुळं. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी बनवलेल्या सेलमध्ये द्रव असायचा. तो तिरका केला की सांडायचा. पुढं १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी द्रवाच्या जागी घट्ट लगदा वापरला आणि सेल हातात धरून कसाही फिरवता येऊ लागला.

पण खरी अडचण पुढंच होती. सेलमधून वीज घेतली की आतल्या कार्बनच्या कांडीवर हायड्रोजन साचतो आणि प्रवाह मंदावतो. मँगनीज डायऑक्साइड तो हायड्रोजन हटवतं, पण सावकाश. म्हणून सेलला मधेमधे विश्रांती लागायची. त्यात बल्बमध्ये कार्बनची तार होती. ती वीज भरपूर खायची आणि उजेड जेमतेम द्यायची. बटण सतत दाबून ठेवलं की उजेड लगेच मंद व्हायचा. मग लोक क्षणभर बटण दाबायचे, बघायचे आणि सोडून द्यायचे. फ्लॅशलाइट हे नाव इथून आलं.

असा माल विकायचा कसा? ह्युबर्टने काही टॉर्च न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले. रात्रीच्या गस्तीत अंधाऱ्या कोपऱ्यात क्षणभराचा उजेडही पुरेसा होता. शिवाय कंदिलासारखी काडी पेटवायची किंवा वाऱ्याने विझायची भीती नव्हती. पोलिसांना ही वस्तू आवडली आणि त्यांची शिफारस ह्युबर्टने जाहिरातीत वापरली.

पुढं कंपनीला एव्हर रेडी हे नाव मिळालं. १९०६ मध्ये सेल बनवणाऱ्या नॅशनल कार्बन कंपनीने तिचा अर्धा हिस्सा २ लाख डॉलरला घेतला. १९१० च्या आसपास टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले. त्याच सेलवर उजेड वाढला आणि टॉर्च खऱ्या अर्थाने कामाचा झाला. १९१४ मध्ये नॅशनल कार्बनने उरलेला हिस्साही घेतला, तेव्हा किंमत होती २० लाख डॉलर. ह्युबर्ट मात्र थांबला नाही. त्याने येल नावाची दुसरी कंपनी काढून पुन्हा टॉर्चच विकले.

१९२८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं. संपत्तीचा तीन चतुर्थांश भाग त्याने समाजकार्यासाठी ठेवला होता. त्याचं वाटप तिघांनी केलं: माजी अध्यक्ष कॅल्विन कूलिज, न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड. एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक ज्यू.

एव्हरेडी भारतातही आली. १९३४ मध्ये कोलकात्यात तिची कंपनी नोंदवली गेली आणि तिचे सेल खेड्यापाड्यांतल्या किराणा दुकानांत पोहोचले.

आज स्वस्तातला छोटा एलईडी टॉर्च मंद उजेडावर ठेवला तर एका सेलवर कित्येक तास चालतो. सेल सुधारलेच, पण जास्त फरक पडला तो कमी वीज खाणाऱ्या दिव्यामुळं. म्हणून टॉर्च घेताना नुसता झगमगाट बघू नका. त्यात मंद उजेडाची सोय आहे का आणि त्याला लागणारा सेल गावातल्या दुकानात मिळतो का, हेही बघा. ह्युबर्टच्या गिऱ्हाइकांना बटण सोडून सेल वाचवावा लागायचा. आता ते काम दिवाच करतो.