चार्ल्स डार्विन : पानांना मांस भरवून नत्राचा हिशेब मांडणारा माणूस

मीरा रोडला राहायला आल्यावर मी हौसेने गॅलरीत एक घटपर्णी आणून लावली. झाड थोडे फिकट वाटले, म्हणून कृषी पदवीधराच्या आत्मविश्वासाने कुंडीत दोन मुठी गांडूळखत घातले आणि रोज नळाचे पाणी दिले. महिन्याभरात पाने टोकाकडून करपत आली, नवे घट धरेनात आणि झाड गेले. गांडुळे जमिनीसाठी काय करतात ते मोजून दाखवणारा आणि अशा झाडांना खत कुठून मिळते ते शोधणारा माणूस एकच होता, हे मला झाड गेल्यावर वाचनात आले. तो म्हणजे चार्ल्स डार्विन. माकड आणि माणसाच्या गोष्टीपलीकडचा हा डार्विन तुमच्या-माझ्या कामाचा आहे.

डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्याला एडिंबराला धाडले, पण ते शिक्षण त्याने अर्धवट सोडले. केंब्रिजची पदवी घेतल्यावर 1831 ते 1836 ही पाच वर्षे बीगल जहाजावरून जगप्रवास झाला. 1839 मध्ये एमाशी लग्न झाले आणि 1842 मध्ये हे कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यातील डाऊन या खेड्यात राहायला गेले. पुढची चाळीस वर्षे तो तिथेच राहिला. प्रकृती कायम नाजूक होती, त्यामुळे दिवसातले मोजकेच तास काम होई. पण घराची बाग, परसातले वाफे आणि 1863 मध्ये बांधलेले काचघर हीच त्याची प्रयोगशाळा. आजच्या भाषेत सांगायचे तर तो स्वतःच्या शेतावर चाचण्या घेणारा माणूस होता.

1859 मध्ये सजीवांच्या उत्पत्तीवरचे त्याचे गाजलेले पुस्तक निघाले. पुढच्या उन्हाळ्यात तो ससेक्समध्ये नातेवाइकांकडे विश्रांतीला गेला. तिथल्या दलदलीच्या माळावर ड्रोसेरा, म्हणजे आपण ज्याला दवबिंदू म्हणतो ती वनस्पती, मुबलक होती. पानांवर अडकलेले किडे पाहून त्याने बारा रोपे उचलून आणली आणि पूर्ण उमललेली पाने मोजली. ती 56 भरली. त्यांतल्या 31 पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष होते. निम्म्याहून अधिक पानांवर किडे सापडतात, तर तो योगायोग नसणार, झाडाला त्याचा काहीतरी उपयोग असणार, असे त्याच्या मनाने घेतले.

मग सुरू झाले भरवणे. ड्रोसेराच्या एका पानावर चिकट थेंब धरलेले सरासरी 192 केस असतात, हेही त्याने मोजून ठेवले होते. या पानांवर त्याने दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचा रस, लाळ, इतकेच काय लघवीचेही थेंब टाकले. दुसरीकडे साखरेचे पाणी, डिंक, पिठूळ द्रावण, ऑलिव्ह तेल आणि चहा टाकून पाहिले. नत्र असलेल्या पदार्थांवर जवळजवळ प्रत्येक पानाचे केस आत वळले. नत्र नसलेल्यांवर पान ढिम्म राहिले. पाण्याच्या थेंबानेही ते हलले नाही, नाहीतर पावसाळ्यात झाड दिवसभर रिकाम्या मुठी आवळत बसले असते! अमोनियाच्या क्षारांचा इतका कमी अंश पानाला जाणवतो की तो आकडा त्याला स्वतःलाच खरा वाटेना, म्हणून त्याने पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. भारतातल्या नागाचे विषही त्याने पानांवर वापरून पाहिले. पान मेले नाही, उलट केस जोमाने हलले.

इथे थांबून आपल्या मातीकडे पाहू. साताऱ्याजवळच्या कास पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर जांभ्या खडकावर बोटभर माती असते. पावसाचे पाणी तिच्यातला नत्र धुऊन नेते आणि पावसाळाभर ती चिंब राहते. अशा जागी दवबिंदू आणि सीतेची आसवे उगवतात. सीतेची आसवे म्हणजे युट्रिक्युलारिया. तिची निळी-जांभळी फुले आपण पाहतो, शिकार मात्र मातीतल्या बारीक फुग्यांत चालते. मातीतून जे मिळत नाही ते ही झाडे किड्यांतून घेतात, त्यामुळे ती सकस मातीला सरावलेलीच नसतात. माझ्या घटपर्णीच्या मुळांना गांडूळखतातले आणि नळाच्या पाण्यातले क्षार का सोसले नाहीत, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

1875 च्या जुलैमध्ये डार्विनचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक बाहेर आले. त्यात त्याची एक चूकही आहे. युट्रिक्युलारियाच्या फुग्यात किडा स्वतः दार ढकलून शिरतो असे त्याला वाटले. प्रत्यक्षात फुगा पाण्यासकट किड्याला आत ओढून घेतो, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवले.

पण खरा आक्षेप दुसराच होता, आणि तो रास्त होता. पान मांस पचवते हे सिद्ध झाले, पण त्याने झाडाचा फायदा होतो हे कुठे सिद्ध झाले? किडे न मिळताही ही झाडे काचघरात छान वाढतात, असे माळी सांगत होते. डार्विनकडे पुरावा भरपूर होता, पण शेजारी-शेजारी वाढवलेली उपाशी आणि भरवलेली रोपे नव्हती. आपल्याकडे एखादे टॉनिक फवारून शेजारी न फवारलेली ओळ ठेवलीच नाही, तर पीक कशाने सुधारले हे कोणी सांगावे? तसेच ते झाले.

ही ओळ ठेवली त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने. 1877 च्या जूनमध्ये त्याने सूपच्या पसरट बशांत शेवाळावर सुमारे 200 ड्रोसेरा लावले. प्रत्येक बशीत मधोमध लाकडी पट्टी उभी केली आणि बाहेरचे किडे येऊ नयेत म्हणून सगळ्यांवर जाळी घातली. पट्टीच्या एका बाजूच्या पानांवर भाजलेल्या मांसाचे कण ठेवले, दुसरी बाजू उपाशी. उपाशी रोपांचे माप 100 धरले, तर भरवलेल्या रोपांचे फुलदांडे वगळून वजन साधारण 121 आले. एवढ्यावर थांबला असता, तर फरक फार नाही असे म्हणून कोणीही सोडून दिले असते. पण त्याने बोंडे मोजली, ती 194 भरली. बियांची संख्या 241 आणि बियांचे एकूण वजन जवळपास 380. फायदा पानात कमी आणि बीजात जास्त होता. माळी पाने पाहून बोलत होते. कृषी सहायकांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. आपल्या प्रात्यक्षिकात पीक हिरवेगार दिसते म्हणून फोटो काढून आपणही कितीदा निघून येतो.

मीरा-भाईंदरसारख्या दमट किनारी हवेत घरी काय लावावे, असे विचाराल तर व्हीनस फ्लायट्रॅप टाळा. तिला काही महिन्यांची थंडीतली विश्रांती लागते, ती इथे मिळत नाही. घटपर्णीचा व्हेंट्राटा हा संकर इथे चांगला तग धरतो. माध्यमात स्फॅग्नम मॉस आणि परलाइट घ्या. कोकोपीट वापरायचेच असेल तर आधी भरपूर धुऊन त्यातले क्षार काढा. पाणी पावसाचे किंवा आरओचे द्या. टीडीएस 50 च्या आत असावा. पावसाचे पाणी साठवाल त्या पिंपावर डासांसाठी जाळी बांधा. घटपर्णीची कुंडी पाण्यात उभी ठेवू नका, दवबिंदूची मात्र बोटाच्या पेराएवढ्या पाण्याच्या ताटलीत चालते. कुंडीत कोणतेच खत नको. पानावर मांसाचा मोठा तुकडाही नको, त्याने पान कुजते. हा अनुभव डार्विनलाही आला होता. गॅलरीतले डास-चिलटे पुरतात.

घटपर्णीची अभिवृद्धी छाट कलमाने करा. पावसाळा सुरू होताना दोन-तीन पेरांचे तुकडे घ्या, पाने निम्मी कापा, ओल्या मॉसमध्ये लावून वर पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. मुळे धरायला दोन महिने तरी लागतात, मधेच उपटून पाहू नका. ड्रोसेरा बर्मानी या आपल्याकडच्या दवबिंदूचे बी धुळीसारखे बारीक असते. ते माध्यमावर नुसते भुरभुरावे, वरून झाकू नये. बी धरायचे असेल तर फुलोऱ्याआधी रोपाला किडे मिळू द्या. फ्रान्सिसच्या बश्या आठवा. रोपे मात्र रोपवाटिकेतूनच घ्या, कासवरून किंवा सड्यावरून एकही उपटू नका. मेघालयातली जंगली घटपर्णी तर कायद्याने संरक्षित आहे.

डार्विनने ऑक्टोबर 1881 मध्ये गांडुळांवरचे पुस्तक काढले. गांडुळे दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती पोटातून काढतात, हा त्यातला हिशेब. 19 एप्रिल 1882 रोजी डाऊनमध्येच त्याचे निधन झाले. कीटकभक्षी वनस्पतींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती 1888 मध्ये फ्रान्सिसने काढली आणि बश्यांच्या प्रयोगाची माहिती त्यात घातली.