बुजरा मॅक्सवेल आणि त्याचे दोस्त

मॅक्सवेलची समीकरणं परीक्षेपुरती सगळेच पाठ करतात. मला मात्र त्यांच्यामागचा बुजरा पोरगा जास्त आवडतो.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८३१ मध्ये एडिंबरोत जन्मला, वाढला ग्लेनलेअरच्या शेतीवाडीत. आठ वर्षांचा असताना आई गेली. १८४१ मध्ये एडिंबरो अकादमीत आला, तोही घरच्या वेगळ्याच बुटात आणि अंगरख्यात! बोली खेडवळ, स्वभाव लाजाळू. पहिल्याच दिवशी पोरांनी कपडे फाडले आणि नाव ठेवलं ‘डॅफ्टी’, म्हणजे येडा.

काही वर्षं एकट्यानंच काढली. मग घराजवळ राहणारा लुईस कॅम्पबेल आणि खालच्या वर्गातला पीटर टेट भेटले. भूमितीच्या नादात गट्टी जमली. दोरा, टाचण्या, पेन्सिल वापरून काढलेल्या वक्रांवरचा त्याचा निबंध १८४६ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. वय फक्त १४, म्हणून वाचला प्रा. फोर्ब्स यांनी!

खरी कसोटी लागली १८६० मध्ये. एडिंबरो विद्यापीठातल्या एकाच जागेसाठी मॅक्सवेल आणि टेट, दोघांचे अर्ज. जागा टेटला मिळाली. मॅक्सवेल लंडनला गेला आणि तिथेच विद्युतचुंबकत्वावरचा तो १८६५ चा पेपर झाला. आणि दोस्ती? टेटला त्याची पोस्टकार्डं जातच राहिली, खाली सही ‘डीपी बाय डीटी’! १८७९ मध्ये मॅक्सवेल गेला. पुढे त्याचं चरित्र लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता कॅम्पबेल.

मित्रांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूत रूममेटचं सिलेक्शन होतं आणि आपलं राहतं, तेव्हा मला ही पोस्टकार्डं आठवतात.