मैत्रीचा यात्रिक : पॉल हॅरिस

नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने घर सोडून परक्या शहरात राहावयास आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एका उणिवेची जाणीव होते. कचेरीत त्याला हुद्द्यावरून ओळखतात, बाजारात गिऱ्हाईक म्हणून ओळखतात. नावाने हाक मारणारे मात्र कोणी नसते. आठवड्याचे दिवस कामाच्या धबडग्यात निघून जातात, पण रविवार अंगावर येतो. आपले मंडळ स्थापन करणाऱ्यांना ही उणीव चांगली ठाऊक होती, हे जुन्या सभासदांना सांगावयास नको. अशाच उणिवेपोटी शिकागो शहरातील एका वकिलाने १९०५ साली तीन व्यावसायिक मित्रांसह एक छोटीशी बैठक घेतली आणि त्या बैठकीतून रोटरी ही जगभर पसरलेली संघटना उभी राहिली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्या वकिलाच्या, म्हणजे पॉल हॅरिस यांच्या, चरित्राचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पॉल पर्सी हॅरिस यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील रॅसीन या गावी झाला. वडील जॉर्ज हॅरिस यांचा व्यवसाय चालला नाही. घरची परिस्थिती इतकी खालावली की तीन वर्षांच्या पॉलला आणि त्याच्या थोरल्या भावाला घेऊन वडील व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या खेड्यात आपल्या आईवडिलांकडे आले. पॉलचे बालपण आजोबा हॉवर्ड आणि आजी पामेला यांच्या छत्राखाली गेले. आजोबांचे घर कष्टाळू, काटकसरी आणि धर्मभीरू वळणाचे होते. भोवती डोंगर, ओढे आणि एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी माणसे. शेजाऱ्याच्या मतांशी आपले पटो वा न पटो, त्याच्या अडचणीला धावून जावयाचे, हा त्या गावचा अलिखित नियम होता. या खेड्याचा ठसा हॅरिस यांच्या मनावरून अखेरपर्यंत पुसला गेला नाही.

हा मुलगा पुढे मोठी संस्था स्थापन करील, असे भाकीत मात्र त्या काळी कोणी केले नसते. पॉल खोडकर होता. व्हरमाँट विद्यापीठातून त्याला शिस्तभंगाच्या कारणावरून काढून टाकण्यात आले. पुढे याच विद्यापीठाने त्याला सन्मान्य पदवी दिली, ही गोष्ट वेगळी. नंतर त्याने प्रिन्स्टन येथे प्रवेश घेतला. परंतु १८८८ साली आजोबा निवर्तले आणि ते शिक्षणही अर्धवट राहिले. काही काळ संगमरवराच्या एका कंपनीत नोकरी केल्यावर आयोवा विद्यापीठातून त्याने १८९१ साली कायद्याची पदवी मिळविली.

पदवी हाती आल्यावर कोणीही वकिलीची पाटी लावली असती. हॅरिस यांनी तसे केले नाही. त्या सुमारास एका माजी विद्यार्थ्याच्या भाषणात त्यांनी ऐकले होते की, नव्या वकिलाने आधी पाच वर्षे एखाद्या लहान गावात जाऊन आपल्या मूर्खपणाची हौस भागवून घ्यावी आणि मग मोठ्या शहराकडे वळावे. हॅरिस यांनी पाच वर्षांची मुदत पत्करली. गावाऐवजी मात्र सारे जग निवडले. या पाच वर्षांत त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे वृत्तपत्रात बातमीदारी केली, कॅलिफोर्नियात फळे भरण्याच्या कामावर मजुरी केली, लॉस एंजेलिस येथे अध्यापन केले, डेन्व्हर येथे नाटक मंडळीत भूमिका केल्या, गुरे राखली आणि फ्लोरिडातील एका हॉटेलात रात्रपाळीचा कारकून म्हणूनही दिवस काढले. गुरे वाहून नेणाऱ्या बोटीवर खलाश्यांबरोबर राबत त्यांनी इंग्लंड गाठले. त्या बोटीवरील घाण, उपासमार आणि हाल सोसूनही लंडन पाहावयाचे राहिले, म्हणून ते पुन्हा तशाच बोटीवर चढले. पुढे संगमरवर आणि ग्रॅनाइट विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचे फिरते प्रतिनिधी म्हणून अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये, क्यूबा आणि युरोप त्यांनी पालथे घातले.

या भटकंतीने हॅरिस यांच्या पदरी पैसा पडला नाही. परंतु मजुरापासून मालकापर्यंत प्रत्येक थरातील माणसाशी बरोबरीच्या नात्याने कसे बोलावे, हे त्यांना उमगले. पुढील आयुष्यात याच भांडवलावर त्यांनी सारा व्यवहार केला.

१८९६ साली, ठरविल्याप्रमाणे, त्यांनी शिकागोत वकिली सुरू केली. त्या वेळचे शिकागो म्हणजे धूर, कत्तलखाने, रेल्वे आणि दिवाळखोरी यांचे शहर. देशोदेशींची माणसे तेथे नशीब काढण्यासाठी येत होती आणि फसवणुकीला सुमार नव्हता. हॅरिस यांची वकिली हळूहळू जम धरू लागली. अशील वाढले, परिचय वाढले; मित्र मात्र मिळेनात. सुटीच्या दिवशी ते बागांतून हिंडत, निरनिराळ्या चर्चमध्ये जाऊन बसत, वेगवेगळ्या देशांच्या लोकांच्या खाणावळी शोधून काढीत. पण वॉलिंगफर्डची उणीव भरून निघत नव्हती.

१९०० साली एका व्यवसायबंधूने त्यांना शहराच्या उपनगरात आपल्या घरी जेवावयास बोलाविले. जेवणानंतर दोघे फिरावयास निघाले. वाटेत जे जे दुकान लागे, त्याचा मालक यजमानाला नावाने हाक मारी आणि यजमान पाहुण्याची ओळख करून देई. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एक खेडे नांदत असल्याचे हॅरिस यांनी त्या संध्याकाळी पाहिले. शहरात आपल्यासारखी खेड्यातून आलेली माणसे असंख्य आहेत. त्यांपैकी प्रत्येक व्यवसायातला एकेक माणूस निवडून अशी ओळखदेख घडवून आणता आली तर, हा विचार त्यांच्या मनात रुजला. तो प्रत्यक्षात यावयास मात्र पाच वर्षे लागली.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी डिअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी इमारतीत, ७११ क्रमांकाच्या खोलीत चार माणसे जमली. हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, गस्टाव्हस लोअर खाण-अभियंता आणि हायरम शोरी शिंपीकामाचे व्यावसायिक. खोली लोअर यांची कचेरी होती. पुढील बैठका आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत व्हाव्यात असे ठरले आणि या फिरत्या क्रमावरूनच रोटरी हे नाव पडले. लवकरच हॅरी रगल्स हे छापखानदार सामील झाले. बैठकीत रंग भरेनासा झाला की सर्वांना गाणी म्हणावयास लावण्याची प्रथा त्यांनी पाडली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. या मंडळाचा आरंभीचा हेतू परोपकाराचा नव्हता. १९०६ च्या घटनेतील पहिला उद्देश सभासदांच्या धंद्याची भरभराट हा होता आणि दुसरा आपसातील स्नेहभावाचा. प्रत्येक व्यवसायातून एकच सभासद घ्यावयाचा नियम होता; त्यामुळे आपसात स्पर्धा राहत नसे आणि वकिलाला कोळसा लागला की तो शील यांच्याकडून घेई. कोणी कोणाला किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवण्यासाठी एक स्वतंत्र पदाधिकारीही नेमलेला होता. आजकाल उद्योजकांच्या ओळखी घडवून आणणारे मेळावे शहरोशहरी भरतात. त्यांचे कूळ शोधीत गेल्यास ते शिकागोतील या वहीपर्यंत जाऊन पोहोचते, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वही तशीच भरत राहिली असती, तर मंडळ फार तर एका पिढीपुरते टिकले असते. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटविषयक वकिलाला सभासद होण्याचे निमंत्रण देण्यात आले. घटना वाचून त्याने विचारले, की या संस्थेचा सभासदांखेरीज इतर कोणाला काही उपयोग आहे काय? या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. निमंत्रिताने आपले दोष दाखवावेत, हे एखाद्या अध्यक्षाला झोंबले असते. हॅरिस यांना तो प्रश्न पटला. शहराच्या हिताचा तिसरा उद्देश घटनेत घालण्यात आला आणि कार्टर सभासद झाले. १९०७ मध्ये हॅरिस शिकागो मंडळाचे अध्यक्ष झाल्यावर मंडळाने पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले, ते शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचे. या कामात मिरविण्याजोगे काही नव्हते. पण त्याची गरज होती, म्हणून इतर संस्थांना बरोबर घेऊन मंडळाने नगरपालिकेकडे त्याचा पाठपुरावा केला.

आपले मंडळ शिकागोबाहेर न्यावे, हा हॅरिस यांचा दुसरा ध्यास. त्याला घरातूनच विरोध झाला. चाललेल्या गमतीजमतीत ही दगदग कशाला, असे अनेक सभासदांना वाटे. हॅरिस यांनी पत्रे लिहून, ओळखीपाळखीच्या लोकांना गाठून काम चालूच ठेवले. १९०८ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुसरे मंडळ निघाले. १९१० मध्ये १६ मंडळांचे पहिले अधिवेशन शिकागोस भरले आणि हॅरिस राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी कॅनडातील विनिपेग येथे आणि १९११ मध्ये डब्लिन व लंडन येथे रोटरी पोहोचली. चिटणीसपदी चेस्ली पेरी यांच्यासारखा शिस्तीचा माणूस लाभला. १९१० ते १९४२ अशी ३२ वर्षे त्यांनी संघटनेचे दप्तर सांभाळले. कल्पना हॅरिस यांची आणि बांधणी पेरी यांची, असे हॅरिस स्वतःच मोकळेपणाने मान्य करीत. १९१२ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. मूळ संस्थापकाने वेळीच बाजूला होणे हे संस्थेच्या प्रकृतीला मानवते. पण ते किती जणांना साधते?

१९१० सालीच त्यांचा विवाह एडिंबरोहून आलेल्या जीन थॉमसन यांच्याशी झाला. पायी भटकंती करणाऱ्या एका मंडळाच्या सहलीत दोघांची ओळख झाली होती. शिकागोतील आपल्या घराला त्यांनी कमली बँक हे एडिंबरोतील रस्त्याचे नाव दिले. या दांपत्याला मूल नव्हते; येणारा-जाणारा पाहुणा हाच त्यांचा परिवार.

साठी जवळ आल्यावर, प्रकृती फारशी साथ देत नसतानाही, हॅरिस पुन्हा प्रवासाला निघाले. तरुणपणी गुरांच्या बोटीतून गेलेला हा माणूस आता राजधान्यांतून पाहुणा म्हणून जाऊ लागला. १९२८ आणि १९३२ मध्ये युरोप, १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिका, १९३५ मध्ये जपान, चीन, फिलिपाइन्स, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड, १९३६ मध्ये दक्षिण अमेरिका, असे त्यांचे दौरे झाले. जातील तेथे व्यापारी, कारखानदार, डॉक्टर, वकील यांच्या बैठका भरत. एरवी एकमेकांशी केवळ भावाची घासाघीस करणारी माणसे एका टेबलाशी जेवत. प्रत्येक ठिकाणी हॅरिस एक झाड लावीत. मैत्रीचे हे पहिले रोप त्यांनी १९३२ मध्ये बर्लिन येथे लावले. पुढच्याच वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि १९३७ मध्ये तेथील रोटरी मंडळे बंद झाली. १९४० मध्ये जपानमधील मंडळेही बंद पडली. व्यापारी एकत्र जेवले म्हणजे राष्ट्रे लढावयाची थांबतात, ही भाबडी आशा हॅरिस यांच्या डोळ्यांदेखत फोल ठरली. तरीही महायुद्ध संपल्यावर दोन्ही देशांत तीच मंडळे पुन्हा उभी राहिली, हेही खरे.

हिंदुस्थानात रोटरी १९१९ मध्ये कलकत्त्यास आली. मुंबईचे मंडळ १९२९ चे. त्याचे श्रेय जेम्स डेव्हिडसन या कॅनडावासी गृहस्थांकडे जाते. १९२८ च्या ऑगस्टमध्ये ते पत्नी व मुलीसह निघाले आणि सुमारे अडीच वर्षे, बव्हंशी स्वखर्चाने, अथेन्स, कैरो, जेरुसलेम, मुंबई, मद्रास, कोलंबो, रंगून, क्वालालंपूर, सिंगापूर, बँकॉक असे फिरत राहिले. प्रत्येक शहरी बड्या व्यापाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दारी जाऊन एकेकाचे मन वळवावयाचे, ही त्यांची पद्धत. साम्राज्याच्या त्या काळात गोऱ्यांच्या क्लबांतून एतद्देशीयांना मज्जाव असे. अशा शहरांत युरोपीय आणि आशियाई व्यावसायिकांना एका पंगतीला बसविणे हे सोपे काम नव्हते. पुढे १९६२ मध्ये नितीश लाहरी हे भारतीय गृहस्थ जागतिक रोटरीचे अध्यक्ष झाले.

या चित्राला काळी बाजू नाही असे नाही. बंधुभावाच्या या पंगतीत स्त्रियांना दीर्घकाळ स्थान नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ सालचा निकाल लागल्यानंतरच दार उघडले आणि २०२२ मध्ये जेनिफर जोन्स या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. संस्थापकाचा विचार कितीही उदार असो, त्याच्या काळाच्या भिंती त्या विचारालाही पडतात.

२७ जानेवारी १९४७ रोजी शिकागो येथे हॅरिस यांचे निधन झाले. पहिल्या बैठकीतले स्नेही शील यांच्या शेजारीच त्यांचे दफन झाले. रोटरीची त्या वेळी सुमारे ६००० मंडळे होती. आपल्यासाठी फुले न आणता तो पैसा रोटरीच्या निधीस द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. १९१७ मध्ये कल्पिलेल्या आणि तोवर रडतखडत चाललेल्या त्या निधीत पुढील दीड वर्षात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून त्याच वर्षी १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. याच संघटनेने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचे काम अंगावर घेतले. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त घोषित झाला. सरकारी यंत्रणा आणि लाखो कार्यकर्ते यांच्या जोडीने रोटरीचाही त्यात वाटा आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांत राहण्याचा योग मला आला आणि बहुतेक ठिकाणी मराठी मंडळाने मायेची सावली दिली. गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ, नाटके, ग्रंथालय, मुलांसाठी मराठीचे वर्ग, यांमुळे परमुलूख परका वाटेनासा झाला. हे आपले पहिले दोन उद्देश. हॅरिस यांचे चरित्र वाचताना मनात येते ते कार्टर यांच्या प्रश्नासंबंधी. ज्या नगराने आपल्याला पन्नास वर्षे जागा दिली, त्या नगरातल्या मराठी न बोलणाऱ्या शेजाऱ्याला आपल्या मंडळाचा काय उपयोग आहे? काही उत्तरे आपल्यापाशी आहेत. रक्तदान शिबिरे झाली, पूरग्रस्तांसाठी निधी गोळा झाला. परंतु हा तिसरा उद्देश आपल्या घटनेत स्वतंत्र कलम म्हणून आजही नाही. पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत तो मांडला जावा आणि एकमताने मंजूर व्हावा, एवढीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभासद या नात्याने माझी नम्र सूचना आहे.