विष्णुदास भावे : पाठांतराविना उभे राहिलेले नाटक

सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या नाटकाला लिखित संवादच नव्हते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी तसे काही मराठीत करण्याचे काम विष्णू अमृत भावे यांच्यावर सोपवले. भाव्यांनी पदे रचली. सूत्रधार पद गाऊन प्रसंग उभा करी आणि त्याचा आशय धरून पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. म्हणजे पदांपुरतीच चौकट. बाकी सारी भिस्त नटाच्या हजरजबाबीपणावर. राक्षसांच्या आरडाओरड्यावरून या खेळांना पुढे ‘अलल डुर्र’ म्हणून हिणवले गेले. पण हाताशी संहिता नसताना प्रेक्षक खिळवून ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते.

१८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन फिरती धरली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. धंदा जमतो असे दिसताच त्याच धर्तीच्या इतर मंडळ्या निघाल्या. १८६१ मध्ये वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे संवादांसह लिहिलेले नाटक छापून आले आणि पुढे नटांना लेखकाचे शब्द पाठ करावे लागू लागले.

भाव्यांची पदे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. आयत्या वेळची भाषणे त्यात कुठून असणार! ९ ऑगस्ट १९०१ रोजी भाव्यांचे निधन झाले.